घरपोच परिचारक सेवा: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेले अकरा महिने आमच्या घरी एका संस्थेची घरपोच परिचारक सेवा चालू आहे. वडील ८१ वर्षांचे असून नऊ वर्षांपासून त्यांना कंपवात म्हणजे पार्किन्सन आहे. आई ७७ वर्षांची आहे, तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि तिला रक्तदाबाचाही त्रास आहे. सेवा सुरू होईपर्यंत वडिलांचे उठवणे-बसवणे, आंघोळ, कपडे, औषधे हे सगळे आईच करत होती आणि मी नोकरीच्या आधी व नंतर जमेल तेवढा हातभार लावत होतो. एका रात्री वडिलांना सावरताना दोघेही तोल जाऊन पलंगावर पडली. सुदैवाने पलंगावर पडली. दुसऱ्या दिवशी मी संस्थेला फोन केला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही, या सेवेच्या मांडणीविषयी आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सेवा उपयोगी आहे आणि आम्ही ती पुढेही घेणार आहोत. मात्र माहितीपत्रकात जी गोष्ट सर्वांत ठळक छापलेली असते, ‘परिचारक न आल्यास दुसऱ्या दिवशी बदली माणूस’, तीच आजारी वृद्धाच्या दृष्टीने सर्वांत कच्ची आहे. बदली माणूस येतो, पण आधीच्या माणसाला त्या रुग्णाविषयी जे कळलेले असते ते त्याच्याबरोबर येत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचे काम घरातल्याच कोणावर तरी पडते, आणि आमच्या घरी ते आईवर पडले.

सेवा घेताना संस्थेच्या पर्यवेक्षक बाई घरी आल्या आणि त्यांनी साधारण पाऊण तास चौकशी केली. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून खुर्चीत हलणे, मलमूत्रावरचे नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा गोष्टींपैकी वडिलांना कोणत्या स्वतः जमतात आणि कोणत्यांत मदत लागते, हे त्यांनी एकेक करून लिहून घेतले. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेली ही मोजपट्टी साधी आहे आणि आजही कामाची आहे. चौकशी नीट झाली, घाई झाली नाही, वडिलांचा आवाज अगदी बारीक झालेला असूनही त्यांनी खुर्ची जवळ ओढून त्यांचे उत्तर ऐकून घेतले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्या पाऊण तासात आईला एकही प्रश्न विचारला गेला नाही. तिची झोप किती होते, ती रात्री किती वेळा उठते, तिने स्वतःची तपासणी शेवटची कधी केली, तिला वडिलांना उचलणे झेपते का, यातले काहीच अर्जात नव्हते. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजणारी प्रश्नावली स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० सालीच मांडली होती, आणि तिचे पुढे रूढ झालेले रूप अवघ्या २२ प्रश्नांचे आहे. ती भरायला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. घरात एक रुग्ण आहे असे गृहीत धरून संस्थेने काम सुरू केले. वास्तविक जपायला हवीत अशी दोन माणसे घरात होती.

पहिले परिचारक दादा पन्नाशीचे होते. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही सेवा उत्तम असते तेव्हा कशी असते हे मी त्यांच्यामुळे पाहिले. कंपवातात चालता चालता पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि हे बहुधा दाराच्या उंबरठ्यापाशी, अरुंद जागेत किंवा वळताना होते. आमच्याकडे ते रोज न्हाणीघराच्या दारात होत असे. आई मागून ‘चला, चला ना’ म्हणायची, मी हात धरून ओढायचो, आणि वडिलांचे वरचे अंग पुढे झुकायचे पण पाय जागचे हलायचे नाहीत. पडण्याची हीच वेळ. दादांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना बाजूला व्हायला सांगितले. ते वडिलांच्या शेजारी, किंचित मागे उभे राहिले, एक हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘काका, थांबा. आधी सरळ उभे राहा. आता उजवा पाय उचलून या फरशीच्या रेषेपलीकडे टाका. एक... दोन...’ वडिलांनी पाय उचलला. तिसऱ्या दिवशी दादांनी माझ्याकडून रंगीत चिकटपट्टी मागवून घेतली आणि दारापासून न्हाणीघरातल्या खुर्चीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. कंपवातात आपोआप होणारी हालचाल अडते, पण डोळ्यांसमोर रेषा असली किंवा कानावर ठेका पडत असला तर तीच हालचाल मेंदू जाणीवपूर्वक करू शकतो. फिजिओथेरपिस्ट हे तंत्र नेहमी वापरतात. दादा ते एका जुन्या रुग्णाकडे शिकले होते. संस्थेच्या प्रशिक्षणात त्याचा उल्लेख नव्हता, हे त्यांनीच मला सांगितले.

दादा अडीच महिने होते. त्या काळात आई दुपारी झोपू लागली. आधी ती झोपायची नाही, आडवी पडायची आणि कान वडिलांच्या खोलीकडे असायचे. माझ्या दृष्टीने सेवेचे यश मोजण्याची हीच खरी खूण आहे. घरचा काळजीवाहक परिचारकाच्या भरवशावर झोपू शकत असेल तर पैसे सत्कारणी लागले, आणि तो खोलीच्या दारात उभा राहून सूचना देत असेल तर आपण दोन माणसांचे काम तीन माणसांत वाटले, एवढेच झाले.

मग दादांना त्यांच्या घरच्या अडचणीमुळे जावे लागले आणि पुढच्या चार महिन्यांत आमच्याकडे सहा परिचारक आले. त्यांतले दोघे आठवडाभरसुद्धा टिकले नाहीत. संस्थेने शब्द मात्र पाळला. एकच दिवस रिकामा गेला, बाकी प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळी आठ वाजता कोणीतरी दारात हजर होते. कागदावर ही सेवा अखंड होती. घरात मात्र प्रत्येक नव्या माणसाला आईने सांगायचे, की यांचा उजवा कान कमी ऐकतो, डाव्या बाजूने बोला. चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत म्हणून ते रागावले आहेत असे समजू नका, या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. उत्तर द्यायला वेळ लागतो, वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. पाण्याचा घोट घेताना हनुवटी खाली हवी. तिसऱ्या माणसापर्यंत तिचा आवाज थकला होता. पाचव्या माणसाला तिने काहीच सांगितले नाही आणि स्वतःच उठून सगळे करू लागली.

या बदल्यांत सर्वांत मोठा फटका औषधांच्या वेळेला बसला. वडिलांना लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातात मेंदूत कमी पडणारे डोपामिन हे रसायन भरून काढणारी गोळी सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशी चार वेळा असते. रक्तदाबाची गोळी अर्धा तास मागेपुढे झाली तर बहुधा जाणवतही नाही, पण आजार इतका पुढे गेल्यावर लेव्होडोपा अर्धा तास उशिरा मिळाली तर माणूस खुर्चीतच अडकून पडतो. शिवाय प्रथिने जास्त असलेल्या जेवणाबरोबर ती घेतली तर तिचे शोषण कमी होते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगितली आहे. एका बदली परिचारकाने अकराची गोळी जेवणाबरोबर साडेबाराला दिली. त्याचा हेतू वाईट नव्हता. ‘गोळ्या जेवल्यावर’ हे त्याला सगळीकडे सांगितले गेले होते. त्या दुपारी दोन वाजता वडिलांना कूस बदलता येईना. दुसऱ्या एका दिवशी त्यांना मळमळत होते, तेव्हा नव्या माणसाने घरातल्या औषधांच्या डब्यातली मेटोक्लोप्रमाइडची गोळी काढून हातात घेतली होती. मळमळीवर ती सर्रास दिली जाते, पण ती मेंदूत डोपामिनचेच काम अडवते आणि त्यामुळे कंपवाताच्या रुग्णाला ती टाळायची असते. आईने वेळेवर पाहिले म्हणून ती गोळी वडिलांच्या पोटात गेली नाही. ती गोळी आमच्या घरात होती ही चूक आमची. ती द्यायची नाही हे त्या दिवशीच्या माणसाला ठाऊक नव्हते, ही मात्र सेवेची उणीव आहे.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही आणली आणि दोरीने पलंगाच्या दांडीला बांधली. पहिल्या पानावर औषधांच्या वेळा आणि कोणती गोळी कशासाठी, ते मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या पानावर लाल शाईने न द्यायची औषधे, त्यांत मेटोक्लोप्रमाइड सर्वांत वर, आणि खाली ‘लेव्होडोपा कोणत्याही कारणाने अचानक बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा’. तिसऱ्या पानावर दादांची पद्धत जशीच्या तशी, त्यांनी म्हटलेल्या शब्दांसह. त्यापुढे रोजचे पान. किती वाजता गोळी दिली, किती वाजता पाय मोकळे झाले, शौच झाले का, रात्री किती वेळा उठले, पाठीवर किंवा टाचेवर लाली दिसली का. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ती वही चाळली आणि तिच्यावरून दुपारच्या गोळीची वेळ बदलली. ‘दुपारी जरा जड जाते’ हे आम्ही वर्षभर तोंडी सांगत होतो, त्याला पहिल्यांदा आकडे मिळाले होते.

ही वही संस्थेने द्यायला हवी होती, हे माझे ठाम मत आहे. रुग्णालयात पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना प्रत्येक रुग्णाची माहिती सोपवतात आणि त्याशिवाय जाणारी व्यक्ती जात नाही. घरपोच सेवेत जाणारा रात्री आठला जातो, येणारा सकाळी आठला येतो, मध्ये बारा तास असतात आणि बदली झाली तर दोघांची भेट आयुष्यात होत नाही. पर्यवेक्षक बाई महिन्यातून एकदा येत असत आणि हजेरीपत्रकावर सही घेत असत. करारात भेट दर पंधरवड्याला लिहिलेली होती.

उचलण्याच्या पद्धतीविषयीही लिहिणे आवश्यक आहे. सहा जणांपैकी चौघांनी वडिलांना काखेत हात घालून किंवा दोन्ही हात धरून ओढून उठवले. वृद्धाच्या खांद्याला याने इजा होऊ शकते आणि उचलणाऱ्याची पाठही जाते. योग्य पद्धत फार अवघड नाही. आधी रुग्णाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवायचे, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, ‘नाक पायाच्या बोटांच्या वर’ येईल इतके पुढे वाकायला सांगायचे आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून आधार द्यायचा. मग बरेचसे वजन तो स्वतःच उचलतो. उठल्यावर लगेच चालायला लावायचे नाही, कारण कंपवातात उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम घसरण्याचे प्रमाण मोठे असते. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा त्याहून अधिक खाली आला तर ते पडण्याचे मोठे कारण ठरते. हे सगळे दोन तासांत शिकवता येते. संस्थेचे ‘प्रशिक्षित’ हे विशेषण नेमके कोणत्या प्रशिक्षणाबद्दल आहे असे मी विचारले, तेव्हा नाडी-तापमान पाहणे, रक्तदाब मोजणे, डायपर बदलणे आणि अंग पुसणे एवढीच नावे मिळाली.

परिचारकांना मात्र मी दोष देत नाही. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक जण पावणेदोन तासांचा प्रवास करून यायचा, बारा तास उभा असायचा आणि परत तितकाच प्रवास करायचा. दुपारी त्याला पाठ टेकायला जागा द्यावी, हे सुरुवातीचे काही दिवस आम्हालाही सुचले नव्हते, याची मला खंत आहे. आठवड्याच्या सुट्टीचे पैसे कापले जातात, आजारपणाची रजा नाही, रुग्ण रुग्णालयात भरती झाला की काम थांबते आणि उत्पन्नही थांबते. थोडे बरे काम मिळाले की माणूस जाणारच. त्यामुळे बदल्यांचे खापर ‘हल्ली माणसे टिकत नाहीत’ या वाक्यावर फोडणे मला पटत नाही. टिकण्यासारखी व्यवस्था संस्थेने केलेली नाही. तिच्या नफ्याचे गणित ग्राहकाला बदली माणूस देण्यावर आधारलेले आहे, एकाच माणसाला त्या घरी टिकवण्यात तिला वेगळे काही मिळत नाही.

ही अडचण पुढे वाढतच जाणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील दर सहा माणसांपैकी एक साठीच्या पुढचा असेल, आणि ऐंशीच्या पुढच्यांची संख्या २०२० च्या तुलनेत तिप्पट होऊन २०५० पर्यंत ४२.६ कोटींवर जाईल. २०१९ साली कंपवाताचेच रुग्ण ८५ लाखांहून अधिक होते. ही मंडळी दीर्घकाळ आजारी राहतात आणि त्यांची देखभाल बहुतेक वेळा तितकाच वृद्ध जोडीदार करत असतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत याच संघटनेने म्हटले आहे, की त्यांच्या देखभालीचे सुमारे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. हा आकडा वाचून मला आमचेच घर आठवले. मी मुलगा आहे, आणि इतकी वर्षे आई करते आहे म्हणून मी निर्धास्त होतो. परिचारकाची गरज दोन वर्षे आधीच होती. आईने ती मागितली नाही आणि मीही विचारले नाही.

रात्रीविषयी थोडक्यात. आम्ही दिवसाची सेवा घेतली, कारण रात्रीचा माणूस ठेवला तर त्याला ‘काय काम’ असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात वडील रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात आणि सर्वांत धोक्याचा काळ तोच आहे. आता पलंगाशेजारी मूत्रपात्र, पायथ्याशी मंद दिवा आणि आईच्या उशाशी घंटीचे बटण ठेवले आहे, पण ही सूचना संस्थेकडून पहिल्या दिवशीच्या चौकशीत यायला हवी होती. पडल्यानंतर उठता न येता तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धाला निर्जलीकरण, स्नायूंना इजा आणि शय्याव्रण असे नवे धोके निर्माण होतात. एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी सेवा घेणाऱ्यांनी आठ ते आठ या वेळेत न अडकता आधी रात्रीचा विचार करावा.

कोणाला ही सेवा सुचवावी? घरी निदान एक माणूस माहिती लिहून ठेवू शकत असेल, पहिले दहा-बारा दिवस परिचारकाबरोबर राहू शकत असेल, तर जरूर घ्यावी. ज्या घरात फक्त दोन वृद्ध आहेत आणि मुले दूर आहेत, तेथे या स्वरूपात ही सेवा पुरेशी नाही, आणि दुर्दैवाने तिची सर्वाधिक गरज त्यांनाच आहे. करार करण्यापूर्वी मी आता किंमत सर्वांत शेवटी विचारीन. आधी विचारीन, की गेल्या सहा महिन्यांत एका घरी एक परिचारक सरासरी किती दिवस टिकला, बदली माणसाला आधीच्याची माहिती कोण आणि कशी देते, आणि रुग्णाला उचलण्याचे प्रशिक्षण प्रत्यक्ष करून दाखवले आहे का. या तीन प्रश्नांवर ज्या संस्थेचा माणूस फोनवर अडखळत नाही, ती संस्था निवडावी.

गेल्या महिन्यात करार वाढवताना आम्ही दोन अटी लेखी घातल्या. बदली होणार असेल तर नवा माणूस जुन्याबरोबर निदान एक पूर्ण दिवस राहील आणि त्या दिवसाचे पैसे आम्ही देऊ, ही पहिली. आणि पर्यवेक्षक बाई दर पंधरवड्याला येऊन वहीतील पाने वाचून सही करतील, ही दुसरी. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर थोडी चर्चा झाली, पण तीही मान्य झाली. आईसाठी महिन्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती मिळेल अशी सोय मागितली होती, ती त्यांच्याकडे नाही. सध्याचे परिचारक नऊ आठवड्यांपासून आहेत. ते रोज सकाळी आल्यावर हात धुतात, चष्मा लावतात आणि वडिलांना हाक मारण्याआधी आईने रात्री लिहिलेल्या ओळी वाचतात. परवा त्यांनी न्हाणीघराच्या दारातल्या झिजलेल्या दोन पट्ट्या काढून नव्या चिकटवल्या. कोणी सांगितले नव्हते, तिसऱ्या पानावर लिहिलेले होते.